नेसतं लुगडं

ही गोष्ट मला जशीच्या तशी आठवते असं छातीठोकपणे सांगवत नाही. कोणाकडून ऐकली तेही आता नक्की सांगता येणार नाही. मधले काही दुवे माझेच असतील. पण गोष्टीचा कणा बदललेला नसावा, अशी आशा आहे.

फार जुन्या काळी, नदीकाठच्या एका गावात दोन जावा राहत होत्या. घर एक, चूल एक. दोघींचे नवरे गुळाचा व्यापार करत. नावेतून गूळ घेऊन जात आणि परतताना बायकांसाठी एकेक लुगडं घेऊन येत. म्हणजे दोघींना मिळायचं ते सारखंच.

थोरलीला प्रत्येक लुगडं हवं असायचं. तिचं माहेर फार गरिबीचं. तिथे तिच्या आईकडे एकच लुगडं होतं. ते वाळेपर्यंत आई आतल्या खोलीत बसून राहायची, आणि शेजारणी दारातून हसत विचारायच्या, "काय गं, आज उन्हं कमी पडली का?" ते हसणं थोरलीच्या कानांतून कधी गेलं नाही. म्हणून तिने पेट्यांवर पेट्या भरल्या. एकदा नेसलेलं लुगडं ती पुन्हा नेसायची नाही. ते मोलकरणीला नाहीतर भाचीला देऊन टाकायची. जी फार उंची, ती मोठ्या दिवसासाठी म्हणून तळाशी ठेवायची. त्यांची घडी कधी मोडलीच नाही.

धाकटीचं निराळं होतं. नवरा गावाला निघाला की ती सांगायची, "या खेपेला लुगडं नको. मिळालाच तर चोळीचा एक खण आणा, साधा." तिच्याकडे मोजून चार लुगडी होती. एक जांभळं, एक काळं, एक विटकरी, एक हळदीच्या रंगाचं. चारही अशी निवडलेली, की तिची कोणतीही चोळी कोणत्याही लुगड्यावर शोभायची. दर पंधरवड्याला ती चारही लुगडी उन्हात टाकायची आणि उचलताना मागची घडी सोडून नवी घालायची. ती पाणवठ्यावर निघाली, की बायका सहज वळून बघायच्या. गावातली एक फटकळ बाई म्हणायची, "थोरली आली की आधी लुगडं दिसतं. धाकटी आली की धाकटी दिसते."

थोरलीला हे कळायचं आणि लागायचं. ती हसून म्हणायची, "अगं धाकटे, तुझ्या जांभळ्याला आता घरचा रस्ता एकट्याने सापडत असेल!"

"सापडतो ना, जाऊबाई," धाकटी म्हणायची. "परवा मला विसरून पुढे निघालं होतं."

थोरलीला एकच मुलगी होती. तिचं नाव बहुधा आवडी. धाकटीला मूल नव्हतं. आवडी दोघींच्या मध्ये वाढली. झोप आली की जवळ असेल तिच्या मांडीवर डोकं टेकायची. पण आईच्या मांडीवर टेकलं, की आई म्हणायची, "सांभाळ गं, लुगडं चुरगळेल." मग ती काकूकडे जायची.

आवडीचं लग्न ठरलं. सासर लांबचं, नदीपलीकडे डोंगरात. एकदा गेली की वर्षभर भेट नाही.

त्या गावाची एक रीत होती. सासरी निघताना मुलीने कोरं लुगडं नेसायचं नाही. कोरं सासरचे देतील. माहेरातून तिने आईचं नेसतं लुगडं नेसून निघायचं, आणि ते आईने स्वतःच्या हाताने नेसवायचं. आईचा वास, आईच्या हाताची ऊब एवढं तरी परक्या घरात सोबत असावं, असा त्यामागचा विचार. गावातल्या सगळ्या मुली तशाच गेल्या होत्या.

लग्न लागलं. काठाला नाव उभी राहिली. घरातल्या वडीलधाऱ्या आत्याबाई ताट घेऊन माजघरात आल्या आणि म्हणाल्या, "थोरले, आण गं तुझं नेसतं लुगडं. मंडळी खोळंबलीत."

"आणते की," थोरली म्हणाली आणि माडीवर गेली. एवढ्या पेट्यांत एखादं निघेलच, असं तिने धरलं होतं.

तिने एक पेटी उघडली, मग दुसरी, मग तिसरी. हिरवी, केशरी, मोरपिशी. सगळी कोरी. नेसलेलं एकही नव्हतं. अंगावर होतं तेही आज सकाळीच घडी मोडलेलं. एवढ्या लुगड्यांच्या मध्ये बसून तिला दरदरून घाम फुटला.

खाली जाऊन खरं सांगता आलं असतं. पण खाली साऱ्या गावच्या बायका होत्या. दारातून हसणाऱ्या शेजारणी तिला पुन्हा आठवल्या. तिने तळातला लाल शालू काढला. आवडी जन्मली तेव्हा नवऱ्याने आणलेला, सगळ्यांत उंची. त्याचा पदर तिने हातात घेऊन चोळला, चुरगळला, टोकाला हळदीचं बोट पुसलं, आणि ती खाली आली.

आत्याबाईंनी पदर हातात घेतला. नाकाशी नेला.

"हळद लागलीय खरी," त्या म्हणाल्या. "पण ओली आहे गं! आणि बाकी पदर बघावा तर कोरा करकरीत. ना कढीचा डाग, ना लेकराच्या नाकाचा. हा तू नेसलीस तरी कधी?"

बायका खुसखुसल्या. थोरली घाईने म्हणाली, "नेसले होते आत्याबाई, तुम्ही यात्रेला गेला होतात तेव्हा. चल आवडे, उभी राहा."

ती नेसवू लागली. निऱ्या जमवून तिने खोचायला ओढ घेतली, आणि चर्रकन आवाज झाला. शालू घडीच्या रेघेवर फाटला होता. सावरायला ती दुसरीकडे ओढू लागली, तिथेही फाटला. इतकी वर्षं एकाच घडीत मुडपून राहिलेलं रेशीम जिथे जिथे दुमडलं होतं तिथे तिथे सरळ चिरत गेलं. एवढा भारी शालू आवडीच्या पायांशी पट्ट्यापट्ट्यांनी पडला.

कोणी हसलं नाही. आवडीने खाली बघितलं, मग आईकडे.

"आई, हा तू कधीच नेसली नव्हतीस ना?"

थोरली खाली बसून पट्ट्या गोळा करू लागली. "नाही गं. तुला द्यायला माझ्याकडे नेसतं एकही नाही. पेट्या भरल्यात, पण त्यांत मी कुठेच नाही."

बाहेरून नावाड्याने हाक दिली, "वारा फिरतोय, आटपा!" धाकटी उठून आत गेली आणि आपलं जांभळं लुगडं घेऊन आली. पण तिने ते आवडीला दिलं नाही. थोरलीसमोर ठेवलं.

आवडीने आईच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, मी काकूचं नेसू?"

आता पुन्हा थोरलीवरच आलं होतं. तिला नको म्हणता आलं असतं. कोऱ्यातलं एखादं नेसवून, रीत मोडून, मान राखता आला असता. तिने डोळे पुसले, जांभळं लुगडं उचललं, उलगडलं. किती मऊ होतं ते! काठाजवळ एक बारीक रफू होता. तो आत जाईल अशा बेताने तिने निऱ्या घातल्या आणि आपल्या हातांनी लेकीला नेसवलं.

आवडीने पदर तोंडाशी धरला तशी तिला रडू फुटलं. इतका वेळ ते आलं नव्हतं.

नाव सुटली. काठावर पलीकडच्या वाडीतल्या दोन बायका धुणं धूत होत्या. एकीने विचारलं, "कोणाची गं लेक चालली?"

दुसरीने दुरूनच जांभळा रंग पाहिला. "धाकटीची दिसते."

थोरली मागेच उभी होती. तिने ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तिने गावातल्या मुलींना बोलावलं आणि पेट्या उघडल्या. "घडी मोडा आणि घेऊन जा," ती म्हणाली. "नेसा मात्र. ठेवू नका." मग ती धाकटीला म्हणाली, "अगं, निवडतेस तरी कशी?"

"दुकानात आतल्या अंधारात नाही बघत," धाकटी म्हणाली. "दारात येऊन मनगटाला लावते. हात उजळ दिसला की कापड माझं. कापडच नुसतं उजळ दिसलं, तर ते दुकानदाराचं. आणि मनाला विचारते, हे नेसून जेवायला बसशील का? एखादं पोर मांडीवर घेशील का? भीती वाटली तर परत देते."

थोरलीने तीनच ठेवली. त्यांत शेवाळी रंगाचं एक सुती होतं, अरुंद काठाचं. पूर्वी तिने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नसतं. आता ते नेसून ती चुलीपाशी बसे, बाजाराला जाई, आजाऱ्याला बघायला जाई, सणाला खणाची चोळी बदलून तेच नेसे. सुरुवातीला कोणी टोमणा मारलाच. नंतर लोक म्हणू लागले, "थोरली अलीकडे छान दिसते." काय बदललं ते मात्र कोणाला सांगता येईना.

वर्षाने आवडी माहेरपणाला आली. काठावर आई उभी होती. आवडीने नावेतूनच ओळखलं, हाक मारली, उतरून धावत आली आणि आईच्या पदरात तोंड लपवलं. आई काही चुरगळेल म्हणाली नाही. पदराला धुराचा, आल्याचा आणि उन्हाचा वास येत होता.

"आई, जाताना हे मला दे," आवडी म्हणाली.

थोरलीने पदर बोटांत धरून पाहिला.

"पुढच्या खेपेला," ती म्हणाली. "अजून थोडं नेसू दे."

तात्पर्य काढायचंच तर मी असं काढीन: मोजकं आणि आपल्याला शोभेल ते निवडावं, आणि मग ते निर्भयपणे वापरावं. नुसतं साठवलेलं कापड आपलं होत नाही.

एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो. रेशीम नुसतं पडून राहून घडीवर चिरतं, हे मला पुष्कळ वर्षं सांगणाऱ्याने वाढवून सांगितलेलं वाटे. पुढे म्हातारपणी एका संग्रहालयात जुनी लुगडी लाकडी दांड्यांवर गुंडाळून ठेवलेली पाहिली. घड्या का घातल्या नाहीत, असं मी तिथल्या बाईंना विचारलं. त्यांनी कपाटाचा एक खण ओढून आतलं लुगडं दाखवलं. रंग ताजा होता, काठाची जर चकाकत होती, आणि कापड चार ठिकाणी, पट्टी लावून कापावं तसं, घडीच्या रेघेवर सरळ फाटलेलं होतं. "हे कोणी कधी नेसलेलं नाही," त्या म्हणाल्या.