अस्वलाचा चौथा घाणा

प्राण्यांना तेलाची चव नुकतीच लागली होती, त्या काळी अस्वल आणि साळिंदर यांचे तेलघाणे समोरासमोर होते. ज्याच्यावर भरवसा, त्याच्याकडे खारी आपले शेंगदाणे ठेवत आणि पावसाळ्यासाठी तेल नेत.

एकदा अस्वलाने तीन बंद पडलेले घाणे विकत घेतले. साळिंदराने एकच घेतला, तोही लाकूड ठोकून पाहून.

"एकच, साळिंदरकाका?" खारी हसल्या.

"वाळलेला घाणा आधी स्वतःच तेल पितो, बायांनो. तिघांना कोण पाजणार?"

"जळताय तुम्ही," म्हणत खारींनी दाणे अस्वलाकडे नेले.

पावसाळ्याच्या तोंडावर त्या रिकाम्या बुधल्या घेऊन आल्या. "अस्वलदादा, आमचं तेल?"

"ते घाण्यांनी प्यायलं. पण आता चौथा घेतोय."

"कारभारी असावा तर असा," खारी कौतुकाने म्हणाल्या आणि पिल्लांसाठी मागे ठेवलेले दाणे आणायला पळाल्या.