सुरयांच्या खडकावरची आवडाय

कोकणच्या किनाऱ्यावर होड्यांना वाट दाखवणारा दिवा कुठंच लागत नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. खोल समुद्रात एक बेट होतं. पालथ्या खापरासारखं दिसायचं म्हणून त्याला खापरबेट म्हणत. मूठभर घरं, मचूळ पाण्याची एक विहीर, वाऱ्यानं वाकलेले चार माड, आणि जिकडंतिकडं वाळत घातलेल्या मासळीचा वास. बेटाच्या टोकाला, पाण्याच्या चिंचोळ्या पट्टीपलीकडं, एक उघडाबोडका खडक होता. मोठ्या ओहोटीला तेवढा चालत गाठता यायचा.

चैत्र लागला की त्या खडकावर सुरया उतरायच्या. पांढरीशुभ्र पाखरं, डोक्यावर काळी टोपी, शेपटी मधोमध फाटलेली. घरटं बांधायची तसदी नाही, नुसत्या दगडावर अंडं. आणि कलकलाट असा, की बेटावर नवराबायकोला भांडायचं तरी ओरडून भांडावं लागे.

पण त्या कलकलाटावरच बेट जगत होतं. समुद्रावर धुक्यासारखं दाट मळभ उतरलं की होडीचा म्होरक्या, तांडेल, शीड पाडायचा, वल्ही थांबवायचा आणि म्हणायचा, "गप ऱ्हवा." सगळी होडी श्वास रोखून कान द्यायची. ज्या अंगाला सुरया ओरडतात, त्या अंगाला घर.

त्या बेटावर आवडी नावाची बाई राहायची. असं म्हणतात, की काळजी करण्यात तिचा हात धरणारं कुणी झालं नाही. लेक शेवंती शिंकली की ती दचकायची, आणि बराच वेळ शिंकली नाही, तरी दचकायची. कालवं फोडायला किनाऱ्यावरच्या खडपात गेली की लेकीच्या कमरेला दोरी बांधून दुसरं टोक आपल्या कमरेला बांधायची.

सासू म्हणायची, "अगो आवडे, आता वाऱ्याक पण दोरी बांध!"

बायका हसायच्या. आवडीलाही ते पटायचं. 'माझं जरा अतीच होतं,' असं ती मनाशी म्हणायची, आणि दोरीला आणखी एक गाठ मारायची.

बेटाची एक रीत होती. सुरयांची अंडी उचलायची, पण अक्षय्य तृतीयेपर्यंतच. तोवर नेलेल्या अंड्यांच्या जागी पाखरं पुन्हा घालतात. त्यानंतरची अंडी पाखरांची, त्यांना हात लावायचा नाही. पण एका वर्षी बांगडा बेटाकडं फिरकलाच नाही. घरोघरी भाताची पेज, तीही पातळ. अक्षय्य तृतीया उलटली, तरी टोपल्या खडकावर जातच राहिल्या.

शेवंती तेव्हा नुकती तापातून उठली होती. काठीसारखी झाली होती. मग आवडीही गेली. तोवर खडकावर एकच सुरय अंड्यावर बसून राहिली होती, बाकीच्या वर ओरडत फिरत होत्या. आवडीनं हात घातला तशी ती हातावर टोचत राहिली, रक्त काढलं, पण उडाली नाही. आवडीनं तिच्या पोटाखालून अंडं काढून घेतलं. लेकीनं ते खाल्लं, आणि कितीतरी दिवसांनी हसली.

दुसऱ्या दिवशी खडकावर एकही पाखरू नव्हतं.

"बरा झाला," सासू म्हणाली, "आता झोप तरी लागतली."

आवडीला मात्र ती शांतता सोसवेना. तिचा नवरा धाकू आणि बेटावरचे सगळे पुरुष लांब समुद्रात होते. "मळभ इला तर माणसा घराक कशी येतली?" ती विचारत फिरली.

"तू काळजी केलंस म्हणजे मळभ येतलाच!" बायका म्हणाल्या.

आणि मळभ आलं. विहिरीवरून घर दिसेना, घरातून माड दिसेना. आता कुणी हसत नव्हतं. बायका किनाऱ्यावर उभ्या राहून हाका मारू लागल्या, पण त्या ओल्या पांढऱ्यात हाक पायाशीच विरून जायची. आवडीनं कमरेची दोरी सोडली, शेवंतीला सासूच्या कडेवर दिलं, आणि उतरतं पाणी तुडवत खडकावर चढली. तिथं, रिकाम्या दगडांमध्ये, तिनं सुरयेसारखी किंकाळी फोडली. एकदा, पुन्हा, पुन्हा. एका गळ्यात साऱ्या थव्याचा आवाज आला, असं म्हणतात. तिन्हीसांजेच्या आत एकेक होडी वाळूला लागली. सगळ्यांत शेवटी धाकूची.

मळभ फिटलं तेव्हा लोकांनी पाहिलं, तर दोन सुरया आवडीभोवती घिरट्या घालत होत्या. ती ओरडली की उतरायच्या, गप्प झाली की उठायच्या. बायका भाकरी घेऊन पाण्यात शिरल्या, तशी पाखरं लांब उडाली. आवडीनं हात हलवला. "येव नुको! माघारी जावा!"

मग ती एकटीच राहिली. उशिरा का होईना, अंडं घातलं गेलं, फुटलं, पिल्लू उडालं, तोवर राहिली. धाकू भरतीच्या पाण्यावर भोपळ्यात घालून जेवण सोडायचा. शेवंती किनाऱ्यावर उभी राहून "आय!" म्हणून ओरडायची, आणि पलीकडून एक किंकाळी यायची. पुढच्या चैत्रात पाखरं जास्त आली, पण आवडी खडकावर असली तरच टेकायची. म्हणून ती दर चैत्रात गेली.

श्रावणात घरी यायची. पण दर वेळी तिच्या तोंडातले थोडे शब्द कमी झालेले असायचे. आधी भांड्यांची नावं गेली, मग शेजारणींची. मग नवऱ्याचं नाव गेलं. पण बायका तेव्हा नवऱ्याचं नाव घेतच नसत, त्यामुळं ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. शेवंतीचं नाव मात्र ती घट्ट धरून होती. कामं करताना, चालताना, पुटपुटत असायची.

एका श्रावणात ती दारात आली. लेक आता तिच्या खांद्याला लागली होती. आवडीनं तिच्या तोंडावरून हात फिरवला, ओठ हलवले, आणि तिच्या गळ्यातून नुसती सुरयेची साद निघाली. त्यानंतर आवडी घरी आली नाही. पुढं एकदा सगळी पाखरं उडून गेल्यावर लोक खडकावर गेले, तर तिथं कुणीच नव्हतं. ती थव्याबरोबर गेली, असं म्हणतात.

खापरबेटावर आज सुरयांचं अंडं कुणी उचलत नाही, अक्षय्य तृतीयेच्या आधीही नाही. मुलीचं नाव शेवंती ठेवत नाहीत. ते नाव एकाच कामासाठी राखलेलं आहे. समुद्रातून परतणारी प्रत्येक होडी, लख्ख ऊन असलं तरी, खडकासमोर थांबते. तांडेल उभा राहतो, तोंडाशी हात धरतो आणि मोठ्यानं सांगतो, "आवडाय, तुझ्या चेडवाचा नाव शेवंती!"

मग सगळे गप्प बसून कान देतात.