भागोजीची पाळी

"वाटीडावातला विजय मोजणार नाही! मुळीच नाही!" नीलकंठशास्त्री भर दरबारात ओरडले. रागाने त्यांची शेंडी थरथरत होती.

सुरंगगडावर बावीस वर्षांत शास्त्रीबुवांना बुद्धिबळात कुणी हरवलं नव्हतं. जो हरवील त्याचं नाव दरबारातल्या तांब्याच्या मोठ्या घंगाळावर ठोकायचं, असा राजे हैबतरावांचा शब्द होता. घंगाळ कोरंच राहिलं होतं. आणि गेल्या महिन्यात भागोजी तांबटाने त्यांना वाटीडावात हरवलं!

वाटीडाव म्हणजे घाईचा खेळ. दर पाळीला, बुडाला बारीक भोक पाडलेली वाटी घंगाळातल्या पाण्यात सोडायची. ती बुडायच्या आत मोहरा हलवला नाही, की हरलात! शास्त्रीबुवा हनुवटी चोळत विचार करत बसले आणि वाटी गेली तळाला. बुडुक!

त्यानंतर आठच दिवसांनी भागोजी तापाने गेला. आज त्याची धाकटी बहीण येसू दरबारात उभी होती.

"महाराज, हे घंगाळ माझ्या दादानेच घडवलंय. त्याचं नाव त्याच्यावर लागायला हवं."

"अगं, पटावर मी हरलोच नव्हतो!" शास्त्रीबुवा म्हणाले. "वाटी बुडाली, मी नाही! घाईत काय, माकडसुद्धा जिंकेल. खरा डाव निवांत असतो. एकेका खेळीला मी दीड-दीड दिवस घेतलाय!"

राजे हट्टी. शास्त्री त्यांचे लाडके.

"ठीक आहे," राजे म्हणाले. "उद्या तुझ्या भावाला पटावर आणून बसव. तोच डाव पुढे खेळू दे. जिंकला तर नाव लावू!"

दरबारात दोघंतिघं फिदीफिदी हसले. येसूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने ते मनगटाने पुसून टाकलं.

"आणते," ती म्हणाली. "पण वाटी सोडायची का, शास्त्रीबुवा?"

"छट्! वाटीचं नाव काढू नकोस! हवा तेवढा विचार करू दे त्याला."

"आणि दरबारचा नियम? समोरचा विचार करत असताना जो पटावरून उठेल, तो हरला?"

"तो तर आहेच!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पट मांडला. मोहरे जिथे थांबले होते तिथेच ठेवले. येसू आली. तिने शास्त्रीबुवांच्या समोरच्या पाटावर एक जुनं, घामाने डागळलेलं लाल पागोटं ठेवलं.

"बसला दादा."

"हे पागोटं आहे!" राजे गरजले. "मी माणूस सांगितला होता!"

"महाराज, राणीसाहेबांशी तुमचं लग्न लागलं तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"मी? मी मोहिमेवर होतो."

"मग मांडवात कोण उभं होतं?"

"माझी तलवार."

"ते लग्न मोजायचं की नाही?"

पडद्याआडून बांगड्या वाजल्या. राणीसाहेबांचा आवाज आला, "हो, सांगा ना! मलाही ऐकायचंय!"

राजांनी घाईघाईने घसा खाकरला. "मोजायचं! मोजायचं! पागोटं बसू दे!"

"पाळी शास्त्रीबुवांची," येसू म्हणाली.

शास्त्रीबुवा महिनाभर हीच खेळी मनात घोळवत होते. त्यांनी हत्ती उचलला आणि धाडकन आपटला. "शह! हं, आता बोल!"

"आता दादाची पाळी."

सगळे पागोट्याकडे बघू लागले. पागोटं गप्प.

"खेळ की!" शास्त्रीबुवा पागोट्यावर खेकसले.

"विचार करतोय तो," येसू म्हणाली आणि खांबाला टेकून बसली.

एक घटका गेली. दोन गेल्या. दुपार झाली. मुदपाकखान्यातून अळूवड्या तळल्याचा वास आला. शास्त्रीबुवांच्या नाकपुड्या फुलल्या.

"एक वडी इकडेच आणा."

"पटावर तेल सांडेल," येसू म्हणाली. "दादाला खपायचं नाही."

ऊन कललं. शास्त्रीबुवा एकदा डाव्या मांडीवर झाले, एकदा उजव्या. सकाळचं तांब्याभर ताक आता आपली आठवण करून देत होतं.

"पोरी, मला जरा... जरा बाहेर जायचंय."

"जा की. उठलात की हरलात."

"अगं, हा कधी खेळणार?"

"तुम्ही एका खेळीला दीड दिवस घेता. तो नवखा. त्याला थोडा जास्त लागेल."

दरबार खो खो हसू लागला. शास्त्रीबुवांना घाम फुटला. त्यांनी दोन्ही गुडघे घट्ट आवळून धरले. शेवटी त्यांना राहवेना. ते किंचाळले, "वाटी सोडा! अहो, कुणीतरी वाटी सोडा रे!"

येसू ताडकन उभी राहिली. "म्हणजे वाटी मोजायची?"

"मोजायची! बुडाली की हरला! लवकर सोड!"

"सोडते की! पण मोजायचीच, तर रांगेने मोजू. कुणाची वाटी आधी बुडाली, शास्त्रीबुवा?"

शास्त्रीबुवांनी दाराकडे पाहिलं.

"माझी!" ते ओरडले. "माझीच! हरलो! महिन्यापूर्वीच हरलो!" आणि धोतराचा सोगा सावरत असे पळाले, की वाटीडावात कुणी एवढी घाई केली नसेल!

राजे हैबतराव हसता हसता गादीवरून घसरले. पडद्याआडच्या बांगड्याही खळखळत होत्या. डोळे पुसत राजांनी विचारलं, "पोरी, खरं सांग. तुझा भाऊ किती वेळ बसून राहिला असता?"

"काय माहीत, महाराज! जन्मभर नुसती घाई केली त्याने. जेवायची घाई, खेळायची घाई, जायचीसुद्धा घाई. आज पहिल्यांदाच निवांत बसला होता."

राजांचं हसू ओठांवरच थांबलं. मग त्यांनी आपल्या शिरपेचातला हिरा काढून त्या लाल पागोट्यात खोवला आणि ते पागोटं येसूच्या ओंजळीत ठेवलं.

"कोतवाल! सोनाराला बोलवा! घंगाळावर नाव ठोकायचंय!"

"सोनार कशाला?" येसूने कमरेची हातोडी काढली. "तांबटाची बहीण आहे मी. सरका!"

आणि दरबारात ठक् ठक् ठक् आवाज घुमू लागला.