शिंपीण पाखराची पोट सुटलेली पिशवी

सन एकोणीसशे एकोणसत्तर. महिना जानेवारी. दिवस थंडीचे.

एक होती शिंपीण. पाने शिवून घर करणारे पाखरू. एवढेसे, अंगठ्याएवढे. तिची सायकलही एवढीशी. सायकलच्या दांड्यांमध्ये तिने पिशवी बांधली होती. पिशवी घरी शिवलेली, जुन्या परकराची.

त्या दिवशी तिच्या भाचीचे पहिले बोरन्हाण होते. शिंपिणीने पिशवीत बोरे भरली. ट्रिंग ट्रिंग, ट्रिंग ट्रिंग. शिंपीण निघाली.

पण पिशवी होती मऊ. बोरांनी तिचे पोट सुटले. पोट घासले पायडलला. टुपुक, एक बोर पडले. टुपुक टुपुक, पुष्कळ पडली.

शिंपीण थांबली. "पिशवीला ताठ बरगड्या हव्यात. नाहीतर भाचीच्या डोक्यावर काय ओतू?"

ट्रिंग ट्रिंग. शिंपीण गेली गेनूकाकांकडे. गेनूकाका बांबूच्या टोपल्या विणत.

"गेनूकाका, गेनूकाका, कामट्या द्या. कामट्या पिशवीला, पिशवी बोरांना, बोरे भाचीला."

"देतो की. पण माझी सुरी बोथट. बांबू चिरू कशाने, नाकाने? आधी हिला धार लावून आण."

ट्रिंग ट्रिंग. शिंपीण गेली हरबामामांकडे. हरबामामा लोहार.

"हरबामामा, हरबामामा, धार द्या. धार गेनूकाकांना, कामट्या पिशवीला, पिशवी बोरांना, बोरे भाचीला."

"देतो की. पण माझा भाता फाटला. वारा नाही, तर विस्तव नाही. आधी ठिगळ आण."

ट्रिंग ट्रिंग. शिंपीण गेली राहीमावशींकडे. राहीमावशी चपला शिवत.

"राहीमावशी, राहीमावशी, ठिगळ द्या. ठिगळ हरबामामांना, धार गेनूकाकांना, कामट्या पिशवीला, पिशवी बोरांना, बोरे भाचीला."

"देते ग बाई. पण दोऱ्याला मेण नाही. टाका टिकेल कसा? आधी मेण आण."

ट्रिंग ट्रिंग. शिंपीण गेली मधमाशीकडे.

"माशीताई, माशीताई, मेण द्या. मेण राहीमावशींना, ठिगळ हरबामामांना, धार गेनूकाकांना, कामट्या पिशवीला, पिशवी बोरांना, बोरे भाचीला."

"गुं गुं. देते. पण पोळ्यावरचे पान फाटले. माझी बाळे कुडकुडतात. आधी पान शिवून आण."

शिंपीण हसली. "आणू कुठून? मीच शिवते."

चोचीत दोरा. टुच टुच, टुच टुच. पान शिवून झाले.

मग मधमाशीने मेण दिले. राहीमावशींनी ठिगळ लावले. भाता म्हणाला, फूस फूस. हरबामामांनी सुरीला धार काढली, ठण ठण. गेनूकाकांनी बांबू चिरला, सर्र सर्र.

"एका पिशवीपायी सारा गाव जुंपलास ग पोरी," गेनूकाका म्हणाले.

"मग साऱ्या गावाने बोरन्हाणाला यावे," शिंपीण म्हणाली.

तिने शिवणीत कामट्या सरकवल्या. एक इकडे. एक तिकडे. एक तळाशी. पिशवी ताठ उभी राहिली. शिंपिणीने पडलेली बोरे वेचली. धुतली. पुसली. भरली.

ट्रिंग ट्रिंग, ट्रिंग ट्रिंग. पायडल फिरले. पिशवी हलली नाही. एकही बोर पडले नाही.

मागून सारे आले. काका आले, मामा आले, मावशी आल्या, गुं गुं करीत माशीही आली.

भाची पाटावर बसली. शिंपिणीने बोरे ओतली. टप टप टप टप. भाचीने एक लालचुटुक बोर उचलले आणि शिंपीणमावशीच्या चोचीत घातले.

तो दिवस होता रथसप्तमीचा, बोरन्हाणाचा शेवटचा.