रुक्मा तारिणीची कणगी

ठक्… ठक्… ठक्. होडीच्या काठावर वल्हं आपटल्याचा हा आवाज बारकूच्या कानात मरेपर्यंत राहिला.

फार वर्षांपूर्वी, कांदळण्याच्या खाडीवर पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. ऐलतीराची माणसं पैलतीरी न्यायची ती रुक्मा तारीण. नवरा दर्यात गेला, तेव्हा तिनं त्याचं वल्हं उचललं. होडी सोडायची झाली की ती वल्हं काठावर तीनदा आपटी, आणि माणसं वाडीवाडीतून धावत येत. भाडं म्हणून सुगीला घरटी सूपभर भात मिळे.

एका वर्षी रुक्माच्या छातीत गाठ आली. ती आगबोटीनं मुंबईला गेली, मोठ्या दवाखान्यात एकटीच राहिली आणि गाठ काढून परत आली. डॉक्टरनं सांगितलं होतं, "बाई, हा कर्करोग. मुळासकट गेला असं मी म्हणणार नाही. पण तुझ्यापाशी अजून दिवस आहेत, ते जगून घे."

आता कांदळण्यात एक खूळ होतं. या रोगाचं नाव घेतलं की तो ऐकतो आणि नाव घेणाऱ्याच्या घरी येतो, अशी समजूत. म्हणून जो तो म्हणे, 'तो आजार'. आणि रुक्मा तर धक्क्यावर पाय ठेवताच मोठ्यानं म्हणाली, "कर्करोग झाला मला. अजून असेल थोडा. चला, बसा होडीत."

कुणी बसलं नाही. सगळ्यांत आधी मागं फिरला तो बारकू पाडेली, माडावर चढून नारळ पाडणारा. "त्या होडीत बसाल, तर घरी पाहुणा घेऊन याल," असं तो सांगत सुटला. माणसं डोंगराला वळसा घालून पायी जाऊ लागली. रुक्मा मात्र रोज भरतीला वल्हं आपटत राहिली. रिकामी होडी न्यायची, रिकामी आणायची. कालवं काढून पोट भरायची.

सुगी आली. होडीत कुणी बसलं नव्हतं, पण तारिणीचं सूप चुकवायची रीत गावात नव्हती. लोक लांबूनच भात धक्क्यावर ठेवून गेले. रुक्मानं तो घरी नेला नाही. तिनं बांबूची मोठी कणगी विणली, धक्क्यावरच्या खोपीत ठेवली आणि सगळा भात तीत ओतला.

"दवाखान्यात जाईल त्याचा हा वाटा," ती म्हणाली. "आणि त्याच्या सोबत जाईल त्याचाही. मी एकटी होते तिथं. भिंतीशी बोलत होते."

असं म्हणतात, ती कणगी कधी तळाला गेली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बारकूच्या गालाला आतून फोड आला. तंबाखूचा गाल तो. फोड बरा होईना. बारकूनं तोंडाभोवती पंचा गुंडाळला आणि माडाच्या शेंड्यावर जाऊन बसू लागला. तिथं विचारायला कोण येणार? असं करता करता मृग तोंडावर आला. पावसाळ्याआधीची शेवटची आगबोट त्या दिवशी पैलतीरावरून सुटणार होती. डोंगराच्या वाटेनं ती गाठणं आता शक्य नव्हतं, आणि ती चुकली की नारळी पौर्णिमेपर्यंत वाट बंद. बारकूपाशी तेवढे दिवस नव्हते, हे त्यालाही कळत होतं.

तो माडावरून उतरला, तेव्हा ओहोटी लागलेली. होडी चिखलात रुतलेली. रुक्मा काठाशी कालवं फोडत होती.

"वहिनी," बारकू म्हणाला आणि होडीपासून दोन हात लांबच थांबला.

"काय रे पाडेल्या? आभाळाला हात लावतोस, आणि माझ्या फळीवर बसायला भितोस?"

"मी बसलो तर तुला लागेल."

ती खळखळून हसली. "मला लागायचं ते लागून झालं. तू नाव घे त्याचं. घे, खात नाही तो."

बारकूनं पंचा सोडला. "कर्करोग असेल, वहिनी."

आभाळ पडलं नाही. रुक्मानं उठून वल्हं आपटलं. ठक्, ठक्, ठक्. ओहोटीला ते कधी वाजलं नव्हतं, म्हणून अख्खा गाव धक्क्यावर आला. कुणी काही विचारायच्या आत बारकूला फळीवर बसवून ती चिखलात उतरली आणि होडीला खांदा लावला. गाठ काढलेल्या बाजूच्या हातात तिच्या जोर नव्हता. होडी तसूभर हलली नाही.

असं म्हणतात, त्या दिवशी भरती आपली वेळ सोडून आली, कांदळवनातून पाणी धावत आलं आणि होडी पानासारखी उचलली गेली. बारकूला मात्र ते पाणी आठवत नसे. त्याला आठवत ते पाय. मांडीपर्यंत चिखलात उतरलेले, त्याच्याच शब्दावर या होडीपासून पळालेल्या माणसांचे.

"जड झालास रे, पोटात नारळ घेऊन बसलास काय?" ढकलता ढकलता कुणीतरी ओरडलं, आणि सगळे हसले. बारकूसुद्धा.

सोबतीला रुक्मा स्वतः आगबोटीवर चढली. गाठोड्यात कणगीतला भात होता.

बारकू जगला. गाल वाकडा झाला, बोलणं बोबडं झालं, पण माडावर चढू लागला. रुक्मा त्या रोगाला घेऊन किती पावसाळे होडी चालवत राहिली, यावर गावात अजून एकमत नाही.

आता पूल झाला. होडी खोपीत उपडी पडलीय. पण सुगीचं पहिलं सूप अजून कणगीत पडतं. दवाखान्यात जायचं असेल त्यानं येऊन वल्हं आपटावं. जो आधी ऐकेल तो हातातलं काम टाकून सोबत जातो. आणि कांदळण्यात त्या रोगाचं नाव आता कुणी दबक्या आवाजात घेत नाही.

मागच्या साली पलीकडच्या वाडीतली एक बाई डोक्यावरून पदर घट्ट ओढून आली होती. तिनं वल्हं आपटलं, आणि कासाराची म्हातारी पिशवी घेऊन तिच्यासोबत गेली. यंदा सुगीला ती बाई पुन्हा आली. पदर खांद्यावर होता. डोक्यावर बोटभर केस उगवले होते, तरव्यातल्या कोवळ्या भातासारखे. तिनं सूपभर भात कणगीत ओतला, वल्ह्यावरून हात फिरवला, आणि पुलाच्या वाटेनं चालू लागली.