येसबानं हत्तीचा फोटो काढला

कुंभारांच्या एका गावात येसबा नावाचा भोळा गडी राहत होता. भोळा म्हणजे इतका, की कुणी 'जरा थांब' म्हणालं की थांबायचा, आणि ते माणूस परत येऊन 'आता जा' म्हणेपर्यंत तिथंच उभा असायचा. सांगितलेलं काम मात्र मनापासून करायचा. तीच तर पंचाईत होती.

त्याची बायको सुगंधा दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायची मातीची चित्रं करायची. मावळे, गवळणी, भाजीवाल्या, मोर. सगळी बोटाएवढी. पण त्या बोटाएवढ्या गवळणीच्या नाकात नथसुद्धा दिसायची. इतकी वर्षं सुगंधा ही चित्रं आठवडी बाजारात पोत्यावर मांडून विकत होती. येणारीजाणारी माणसं ती ओलांडून जायची.

यंदा पुण्याच्या ताम्हणकरबाईंचा फोन आला. त्यांचं खेळण्यांचं दुकान होतं. बाई म्हणाल्या, "दिवाळीत दुकानाची काचेची खिडकी एकाच कारागिराच्या चित्रांनी सजवायची आहे. तुमच्या चित्रांचे फोटो पाठवा. पसंत पडले तर खिडकी तुमची."

सुगंधाला आनंदानं घास गिळेना. पण फोटो काढणार कोण? तिचे हात कोपरापर्यंत चिखलात. मोबाईलला चिखलाचं बोट ओळखू येत नाही.

"अवो, तुम्हीच काढा," ती येसबाला म्हणाली. "टेबलावर मांडून ठेवलीत. फक्त फोटो काढा."

येसबानं टेबलाशी ताठ उभं राहून फोटो काढले. सुगंधानं बघितले. सगळे मावळे वरून दिसत होते. नुसत्या पगड्या. वाळत घातलेल्या मिरच्यांसारख्या.

"असं ताडासारखं उभं राहून काय दिसणार?" सुगंधा म्हणाली. "खाली व्हा की! जरा खालून बघा."

येसबानं मनाशी खूणगाठ बांधली. खाली व्हायचं. खालून बघायचं.

तो टेबलाखाली गेला. उताणा झोपला. आणि वर मोबाईल धरून एकापाठोपाठ एक फोटो काढले.

सुगंधानं बघितले. फोटोत टेबलाचं पोट होतं. चार खिळे होते. एक कोळ्याचं जाळं होतं आणि त्यात कोळी होता.

"मावळे कुठं हायत?"

"वर हायत," येसबा म्हणाला. "पण तू खालून बघायला सांगितलंस."

सुगंधानं कपाळावर हात मारला. कपाळाला चिखल लागला. ती म्हणाली, "एसटी स्टँडवरच्या बापूंना विचारून या. त्यांची सारी हयात फोटोत गेली."

बापू फोटोवाले सत्तरीचे. गावातल्या सगळ्या लग्नांचे फोटो त्यांनी काढलेले. येसबानं त्यांना मोबाईल दाखवला. गवळणीच्या मागं गॅसची टाकी दिसत होती. टाकीवर येसबाचा बनियन वाळत होता.

"लेका, हे काय?" बापू म्हणाले. "मागं पसारा असला की चित्र उठून दिसत नाही. फोटो काढायच्या आधी मागचं सगळं काढून टाकायचं. समजलं?"

येसबानं खूणगाठ बांधली. मागचं सगळं काढून टाकायचं.

घरी आला तर टेबलावर मोर होता. सुगंधानं सकाळीच पिसारा जोडून वाळायला ठेवलेला. फुललेला पिसारा. एकेका पिसावर डोळा कोरलेला. येसबानं मोराकडं समोरून बघितलं. मग मागं काय आहे ते बघितलं. मागं पिसारा होता. मोराच्या पाठीमागं एवढा मोठा पसारा!

येसबानं तो काढून टाकला.

संध्याकाळी सुगंधानं फोटो बघितला. "ही कोंबडी कुठली?"

"कोंबडी नाही, मोर हाय."

"मग पिसारा?"

"तो मागं होता," येसबा म्हणाला. "बापू म्हणाले, मागचं सगळं काढून टाक. आता बघ, कसा उठून दिसतोय."

सुगंधा मटकन खाली बसली. त्या पिसाऱ्यावर तिनं डोळे दुखेपर्यंत काम केलं होतं. ती रागावली नाही. रागवायलासुद्धा अंगात जोर लागतो. हळूच म्हणाली, "हे बघा. टेबलावरच्या कशाला हात लावायचा नाही. काहीही झालं तरी नाही. जे जसं असेल तसं राहू द्यायचं."

येसबाला वाईट वाटलं. बायकोच्या डोळ्यात पाणी त्याला बघवायचं नाही. त्यानं खूणगाठ अगदी घट्ट बांधली. जे जसं असेल तसं राहू द्यायचं.

दुसऱ्या दिवशी सुगंधानं टेबलावर बाजार मांडला. भाजीवाल्या, त्यांच्या टोपल्या, एक बैलगाडी. येसबा फोटो काढायला लागला. इतक्यात शेजारचा बोका आला. टेबलावर चढला. बैलगाडी हुंगली. दोन भाजीवाल्या खाली पाडल्या. मग टोपल्यांवर अंग टाकून झोपला.

येसबानं हात लावला नाही. फोटो तेवढे काढले.

"अवो, बाजारात हा बोका कसा?" सुगंधा ओरडतच आली.

"आपला आपण आला."

"आणि तुम्ही काय करत होतासा?"

"जे जसं हाय तसं राहू देत होतो."

"हाकलायचं नाही होय त्याला? आता माझं ऐका. टेबलाजवळ जो कुणी येईल, त्याला हाकलायचं. एकदम हाकलायचं!"

येसबानं खूणगाठ बांधली. हातात खराटा घेतला आणि टेबलाजवळ पहाऱ्याला उभा राहिला.

बोका त्या दिवशी पुन्हा आला नाही. बापू आले. सुगंधाची धडपड त्यांच्या कानावर गेली होती. म्हातारा माणूस उन्हातून चालत आला, काखेत पांढरा पुठ्ठा घेऊन. चित्रांमागं लावायला. आत येऊन ते टेबलाजवळ वाकले.

"शुक्! हाड!" येसबानं खराटा उगारला.

"अरे, मी बापू!"

"बापू असा नाहीतर बोका असा. शुक्!"

बापू मागं सरले, उंबऱ्याला अडखळले आणि ओट्यावर जाऊन बसले. चपला आत राहिल्या. सुगंधा धावत आली. तिनं पाणी दिलं, चहा दिला, चार वेळा माफी मागितली. बापूंनी चहाचा घोट घेतला. मग त्यांचं पोट हलायला लागलं. हसू आवरेना.

"पोरी, तुझ्या नवऱ्यासारखा पहारेकरी गडावर असता, तर गड कधी पडला नसता," ते म्हणाले. "पण गडकऱ्यालाही आत घेतलं नसतं यानं. येसबा, ठेव तो खराटा. आज मी शिकवतो."

बापूंनी पुठ्ठा टेबलावर उभा केला. पुढं माती पसरली. तीत कोथिंबिरीच्या काड्या रोवल्या. झालं जंगल. मागं अगरबत्ती लावली. झालं धुकं. मग त्यांनी सुगंधाचा हत्ती मागितला. वीतभर उंच, भाजून रंगवलेला. पाठीवर नक्षीची झूल, शेपटीला गोंडा. सगळ्यांत लाडका. तो त्यांनी कोथिंबिरीतून अर्धाच बाहेर आल्यासारखा ठेवला.

"आता वाक. मोबाईल हत्तीच्या डोळ्यासमोर धर. सगळा हत्ती घेऊ नकोस. अर्धाच घे. सोंड, कान, पुढचे पाय. मग तो डोंगराएवढा वाटतो."

"आणि मागचा हत्ती?"

"त्याला विसर," बापू म्हणाले. "एक लक्षात ठेव. फोटोत दिसतं तेवढंच खरं. जे फोटोत नाही, ते नाहीच."

येसबानं खूणगाठ बांधली. आणि बटण दाबलं.

काय सांगावं! फोटोत खरोखरचं रान होतं. धुक्यातून खरोखरचा हत्ती येत होता. सुगंधा बघतच राहिली. आपल्या हातची माती अशी चालत येईल, असं तिला कधी वाटलं नव्हतं. मग बापूंनी बसून बाकीच्या चित्रांचेही फोटो काढून घेतले. सगळे बाईंना गेले.

बाईंचा लगेच फोन आला. "सुगंधाताई, खिडकी तुमची! तो हत्ती मी मधोमध ठेवणार. सगळं फोटोत आहे अगदी तसंच पाठवा बरं का."

येसबानं गल्लीभर पेढे वाटले. बोक्यालाही एक दिला.

सुगंधानं एकेक मावळा कागदात गुंडाळला. मोराला नवा पिसारा केला, भाजून रंगवला, तोही बांधला. हत्ती तेवढा राहिला आणि पेंढा संपला. "मी पेंढा घेऊन येते," ती म्हणाली. "तोवर हत्ती कागदात बांधून ठेवा. बाईंचं ऐकलंसा ना? फोटोत हाय अगदी तसाच गेला पाहिजे."

येसबानं एका हातात मोबाईल धरला, दुसऱ्या हातात हत्ती. नीट ताडून बघितलं. फोटोतल्या हत्तीला दोन पाय होते. हातातल्या हत्तीला चार.

त्यानं पुन्हा मोजले. चारच.

बरं झालं बघितलं, असं म्हणून येसबा उठला आणि करवत घेऊन आला.

सुगंधा पेंढा घेऊन आली तेव्हा हत्ती कागदात बांधून तयार होता. "नीट बांधला नव्हं?" तिनं विचारलं. "फोटोशी ताडून बांधला," येसबा म्हणाला. सुगंधाला समाधान वाटलं. जन्मात पहिल्यांदा नवऱ्यानं सांगितलेलं बरोबर केलं होतं. तिनं चहूबाजूंनी पेंढा भरला आणि खोकं पुण्याच्या गाडीवर चढवलं.

दोन दिवसांनी बाईंचा फोन आला. सुगंधानं तो मोठ्या आवाजात लावला. येसबा शेजारी येऊन बसला.

"ताई, खोकं मिळालं. मावळे, गवळणी सगळे सुखरूप. मोर बघून तर लोक आत्ताच काचेशी गर्दी करतायत. हत्तीसोबत कोथिंबिरीची जुडी का आली ते कळलं नाही, पण असू दे." फोनमधून कागद चाळल्याचा आवाज आला. "ताई, हत्ती मात्र अर्धाच आलाय हो. मागचा भाग कुठंय?"

सुगंधानं हळूहळू मान वळवून नवऱ्याकडं बघितलं.

येसबा फोनजवळ सरकला आणि मोठ्या अदबीनं म्हणाला, "बाई, काळजी करू नका. मागचा अर्धा इथं फडताळात जपून ठेवलाय. आधी त्याचा फोटो पाठवतो. पसंत पडला, तर तोही पाठवून देऊ."