आधी पाटी, मग नारळ

त्या माडांचं शहाळं मागू नका. आडवेळ बंदरावर उतरलेला पाहुणा पहिल्यांदा तेच मागतो, आणि नाही म्हटलं की आम्हालाच चिक्कू समजतो. या, इथं सावलीत बसा. का मिळत नाही ते सांगतो.

समोर त्या माडांखाली जो उंचवटा दिसतोय ती टेकडी नाही. गाळाचा ढीग आहे तो, माणसांनी डोक्यावरून वाहून रचलेला. त्याच्या मागं चिऱ्याची जुनी भिंत आहे, आणि नीट बघितलंत तर ढिगाच्या वर दाराची गणेशपट्टी तेवढी दिसेल. दार खाली गाडलेलं आहे. दर नारळी पौर्णिमेला गावातल्या प्रत्येक घरातून एक पाटी गाळ इथं येऊन पडतो, आणि मगच समुद्राला नारळ जातो. पाटी म्हणजे टोपली. शहरात पाटीचा अर्थ वेगळा, म्हणून मुद्दाम सांगून ठेवतो.

हे घर रुद्राजी हवालदाराचं. बंदराची व्यवस्था बघणाऱ्याला त्या काळी हवालदार म्हणत. आमच्या खाडीचं तोंड अरुंद. वरून डोंगराची माती येते, समोरून समुद्र वाळू लोटतो, आणि दोघांची गाठ तोंडावरच पडते. तिथं गाळ बसतो. म्हणून दरसाल पावसाआधी हवालदारानं दवंडी पिटावी, घरटी एक माणूस बोलवावा आणि वाट उपसून घ्यावी, अशी रीत होती. हवालदाराचं कामच ते. त्यासाठीच त्याला पागोटं आणि मान.

रुद्राजीनंही माणसं बोलावली म्हणे. पण गाळ उपसायला नव्हे, चिरे वाहायला. त्याला घर बांधायचं होतं, बंदरावरच्या साऱ्या घरांहून उंच जोत्याचं. एक साल गेलं, दुसरं गेलं, जोतं चढत गेलं आणि खाडीच्या तोंडात गाळही चढत गेला. ओहोटीला त्याची पाठ उघडी पडू लागली. होड्यांचे तळ घासू लागले. लोक कुरकुरले तेव्हा रुद्राजीनं काय करावं? फावडी काढावीत की नाही? त्यानं देवी काढली!

खाडीच्या तोंडावर मुखाईचं देऊळ आहे, येताना तुम्ही पाहिलंत. तिथं कौल लावतात. देवीच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. रुद्राजीनं सोमा गुरवाकडून कौल लावून घेतला. डावी पाकळी पडली. मग गावात दवंडी फिरली की खाडीच्या तोंडात वर आलेला गाळ हा गाळ नव्हेच, ती मुखाईची पाठ आहे, तिला हात लावाल तर निर्वंश व्हाल. एवढं झाल्यावर कोण पुढं येणार? लोकांनी त्या चिखलाला हळदकुंकू वाहिलं. मला विचाराल तर रुद्राजीपेक्षा या गोष्टीचा मला जास्त संताप येतो. आपलेच लोक, आपलंच मरण, आणि त्याची पूजा!

त्या वर्षी ज्येष्ठात, पावसाचं वारं सुटलं त्या दिवशी, धाकू तांडेलाची होडी शेवटची परत येत होती. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. धाकूसारखा दर्यावर्दी दुसरा नव्हता असं सांगतात. तो उभ्या समुद्रातून सुखरूप आला आणि घराच्या दारात अडकला. होडी गाळात रुतली, आडवी झाली आणि मागून लाटा चढल्या. किनाऱ्यावरून माणसं ओळखू येत होती, हाका ऐकू येत होत्या. सगळं गाव बघत राहिलं. बाकीचे पोहून निघाले. धाकूला ओहोटीत बाहेर काढला तेव्हा त्याच्या तोंडात पाणी नव्हतं, गाळ होता.

रुद्राजी समाचाराला आला. धाकूच्या बायकोचं नाव आवडी. तिच्यासमोर नारळ ठेवून तो म्हणाला, "रडू नको. तुझा नवरा पुण्यवान. देवीच्या पाठीवर मरण आलं."

आवडीनं तो नारळ हातात घेतला नाही. ती रडलीही नाही म्हणे. तिचा मुलगा गुणाजी शेजारी बसला होता. नारळी पौर्णिमेला बापाच्या जागी तोच होडी घेऊन जाणार हे घरात न बोलताही ठरलेलं होतं, कारण दुसरं करणार काय? आवडीनं रुद्राजीदेखत त्याला सांगितलं, "गुणो, वाट मोकळी झाल्याबिगर तुका मी दर्यात जाऊक देवचंय नाय. आणि तोवर ह्या गावचो नारळ पण दर्यात जावचो नाय."

दुसऱ्या दिवशी ओहोटीला ती पाटी घेऊन गाळात उतरली. भरलेली पाटी डोक्यावर घेऊन बंदरातून चालत आली आणि रुद्राजीच्या नव्या कोऱ्या उंबऱ्यावर तिनं ती उपडी केली. तो ओसरीवर सुपारी कातरत होता.

"हवालदारांनु," ती म्हणाली, "हो गाळ माज्या घोवाच्या तोंडात होतो. तुमी म्हणतास ही देवी. देवी असात तर देव्हाऱ्यात ठेवा."

रुद्राजीनं माणसं पाठवून तिचं फावडं काढून घेतलं. कौल मोडला म्हणून गावानंही तिच्याकडे पाठ फिरवली. बायका तिच्या विहिरीवर येईनात. तेव्हा ती देवळात गेली आणि तिनं सोमा गुरवाला असा प्रश्न केला, जो तोवर गावात एकालाही सुचला नव्हता.

"बाबा, तुमी देवीक नेमका काय इचारलास?"

गुरव म्हातारा, भिडस्त. खाली बघत म्हणाला, "हवालदारान सांगल्यान तसा इचारलंय. तुज्या पाठीक लोखंड लावूचा काय?"

"मगे ती नायच म्हणतली! तुमच्या पाठीत कोणी फावडा घातल्यान तर तुमी काय हो म्हणशात? आता माजा इचारा. आई, तुज्या दारातलो गाळ हातान काढू काय?"

असं सांगतात की गुरवाचं वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी पडली. देवी विचारलेल्याचंच उत्तर देते. लबाडी तिच्या कौलात नव्हती, विचारणाऱ्याच्या जिभेत होती.

मग मात्र गाव हललं. आधी बायका उतरल्या, त्यांना बघून पुरुष लाजले आणि तेही उतरले. लोखंड नाही. हात, करवंट्या आणि पाट्या. भर आषाढात, पावसानं झोडपत असताना, ओहोटी लागली की सगळे गाळात. आणि गाळ पाण्यात टाकायचा नाही, ही आवडीची सक्त ताकीद. पाण्यात टाकलेला गाळ भरती परत आणून देते, हे इथल्या शेंबड्या पोराला कळतं. तो वाहायचा आणि रुद्राजीच्या दारात टाकायचा. ज्या हातांनी त्याचे चिरे वाहिले, त्याच हातांनी त्याचा गाळही पोचवला. उंबरा बुडाला, जोतं बुडालं, दाराची कडी बुडाली. रुद्राजी मागच्या दारानं ये-जा करू लागला. एवढ्या माणसांना अडवायला त्याच्याकडे माणसं उरली नव्हती, तीही पाट्याच वाहत होती.

तरी हातानं किती निघणार? निघाली ती एक चिंचोळी चरी. पण त्या आठवड्यात डोंगरात पाऊस कोसळला, खाडीला लोंढा आला, त्याला वाट सापडली आणि त्यानं उरलेला गाळ ओढून खोल समुद्रात नेला. मुखाईनं पदर झटकला, असं आमच्या बायका म्हणतात.

नारळी पौर्णिमेला सारं गाव किनाऱ्यावर जमलं. मानाचा पहिला नारळ हवालदाराचा. रुद्राजी जरीचं पागोटं घालून मागच्या दारानं आला. नाक कापलं तरी भोकं राहिलीच होती! आवडीनं रिकामी पाटी त्याच्यापुढे धरली आणि म्हणाली, "आदी पाटी, मगे नारळ."

"मी चिखल वाहू?" रुद्राजी म्हणाला आणि त्यानं नारळ समुद्रात भिरकावला.

नारळ परत आला. त्यानं पुन्हा फेकला, पुन्हा आला. भरतीला नारळ परत येतोच, त्यात चमत्कार कसला, असं तुम्ही म्हणाल. खुशाल म्हणा. पण त्याच पाण्यात आवडीनं सोडलेला नारळ सरळ मोकळ्या वाटेनं बाहेर गेला आणि त्याच्यामागून गुणाजीची होडी. तळ कुठं घासला नाही. होडीनं तोंड ओलांडलं तेव्हा आवडी मटकन वाळूत बसली आणि धाकू गेल्यापासूनचं सगळं रडली.

रुद्राजी त्याच दिवशी गाव सोडून गेला म्हणतात. त्याचा नारळ भरतीनं त्याच्याच दारातल्या ढिगावर नेऊन टाकला. तिथं त्याला कोंब फुटला. तो पहिला माड.

आजही आमच्याकडे पहिली पाटी हातानं भरतात, लोखंड लावत नाहीत. आणि ती त्यानं वाहायची, ज्याच्या हातात बंदर असेल. अधिकारी असो, पुढारी असो, कोणी असो. काहींनी वाहिली, त्यांची नावं आम्ही आदरानं घेतो. पण बहुतेक येतात ते हार घालून घ्यायला. गेल्याच वर्षी एक साहेब आले होते. गाळ काढायचं यंत्र आणलं, त्यानं गाळ उचलला आणि तोंडाबाहेर पाण्यातच टाकला. चार भरत्यांत होता तिथं आला! आम्ही साहेबांना रीत सांगितली, आधी पाटी, मग नारळ. साहेब हसून म्हणाले, "पाटी तर केव्हाच तयार आहे." आणि खरोखरच त्यांनी धक्क्यावर स्वतःच्या नावाची संगमरवरी पाटी बसवली, मग नारळ सोडला. ती काय, समोर चकाकते आहे. तिच्याखालीच गेल्या महिन्यात आमच्या दोन होड्या रुतल्या. माणसं वाचली, म्हणून मी तुमच्याशी एवढं शांतपणे बोलतोय.

रुद्राजीचा माड केव्हाच पडला. बाकीचे त्याच्या नारळांचे नव्हेत. पाटी न उचलता ज्यानं ज्यानं नारळ वाहिला, त्याचा त्याचा नारळ भरतीनं परत आणला आणि आम्ही तो नेऊन ढिगावर ठेवला. म्हणून त्या माडांचं पाणी आम्ही पीत नाही, पाहुण्यांनाही पाजत नाही. मोजायचे तर मोजा, पण त्या टोकाला जपून पाय टाका. तिथं एक कोंब नुकताच वर आलाय. तो साहेबांचा.